वाचकांचे प्रश्न : आणलं खरं, पण काय?

इंग्रजीतल्या सकर्मक आणि अकर्मक क्रियापदांबद्दल बरीच पत्रं जमली आहेत. त्यांतली पाच या वेळी एकत्र घेते, कारण पाचही प्रश्नांचं मूळ मराठी आणि इंग्रजी वाक्य वेगवेगळ्या रीतीने बांधलं जातं यात आहे. कऱ्हाडच्या मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवताना ज्या वाक्यांखाली मी लाल रेघ ओढत असे, तीच वाक्यं आता कंपन्यांच्या ईमेलमध्ये आणि रुग्णालयांच्या नोंदींत भेटतात. लिहिणाऱ्यांना कमी समजतं म्हणून ती लिहिली जात नाहीत. आपण मराठीचा नियम इंग्रजीतही इमानाने पाळतो, म्हणून ती तशी होतात.

माझी मुलगी सहावीत आहे. बाईंनी विचारलं, ‘डिड यू ब्रिंग युवर नोटबुक?’ ती म्हणाली, ‘यस, आय ब्रॉट.’ बाईंनी ‘आय ब्रॉट इट’ असं दुरुस्त केलं. वहीबद्दलच बोलणं चाललं होतं, मग तो ‘इट’ कशासाठी? — एक आई, नाशिक

तुमच्या लेकीच्या डोक्यात जे चाललं होतं ते अगदी तर्कशुद्ध आहे. घरी तुम्ही विचारता, “वही आणलीस का?” ती म्हणते, “आणली.” या एका शब्दात वही आहे. डबा असता तर ती ‘आणला’ म्हणाली असती, पुस्तक असतं तर ‘आणलं’, चपला असत्या तर ‘आणल्या’. आणणारी मुलगी आहे की मुलगा, हे ‘आणली’वरून कळत नाही, काय आणलं त्याचं लिंग मात्र कळतं. आपल्या शाळेच्या व्याकरणात याला कर्मणी प्रयोग म्हणतात. सकर्मक क्रियापद भूतकाळात आलं की सहसा कर्त्याला सोडून कर्माच्या मागे जातं. म्हणून मराठीत कर्माचा शब्द गाळला तरी त्याची खूण क्रियापदावर राहते.

इंग्रजीच्या ‘ब्रॉट’वर अशी कोणतीही खूण नाही. वही असो, डबा असो, दहा पुस्तकं असोत, ‘ब्रॉट’ बदलत नाही. शिवाय कर्म ओळखायला इंग्रजीत प्रत्यय नाही. क्रियापदाच्या पुढची जागा, एवढीच त्याची ओळख. ती जागा रिकामी राहिली तर इंग्रज कानाला वाक्य मध्येच तुटल्यासारखं वाटतं. तिथे निदान ‘इट’ किंवा ‘देम’ तरी हवं. याला एक सुंदर पळवाट आहे, ती लेकीला जरूर शिकवा : ‘यस, आय डिड.’ हा ‘डिड’ क्रियापद आणि कर्म दोन्ही पोटात घेतो. इंग्रजी घरातलं मूल बहुतेक वेळा हेच म्हणेल.

‘ब्रिंग’सारखीच ‘टेक’, ‘वाँट’, ‘लाइक’, ‘मेक’, ‘फाइंड’ ही क्रियापदं. “चहा हवा?” “नको, आय डोन्ट वाँट” हे आपल्याकडे सर्रास ऐकू येतं, तिथे ‘आय डोन्ट वाँट एनी’ हवं, किंवा सरळ ‘नो, थँक यू’. ‘पुट’ तर याहून हट्टी आहे. त्याला काय ठेवलं तेही लागतं आणि कुठे ठेवलं तेही. ‘आय पुट द बुक’ एवढ्यावर थांबता येत नाही. ‘ऑन द टेबल’ म्हणावंच लागतं.

मराठी मुलांसाठी मी वर्गात एक कसोटी वापरत असे. क्रियापद मराठीत आणायचं, भूतकाळात टाकायचं आणि कर्ता ‘ती’ ठेवायचा. ‘ती’ची ‘तिने’ झाली तर बहुधा सकर्मक, ‘ती’ राहिली तर बहुधा अकर्मक. तिने वही आणली, तिने दार उघडलं. पण ती हसली, ती झोपली, ती गेली. ‘मी’ आणि ‘तू’ घेऊन ही कसोटी करू नका, त्यांना हा ‘ने’ लागतच नाही. ‘बहुधा’ म्हणते, कारण मराठीत काही क्रियापदं कर्म घेऊनही ‘ने’ घेत नाहीत : ती इंग्रजी शिकली, ती छत्री विसरली, ती नऊवारी नेसली. सहावीच्या मुलीला हे अपवाद आपणहून शोधायला द्या. तिला मराठीही नव्याने दिसेल.

आमच्या टीममधल्या एका वरिष्ठांनी माझ्या ईमेलमधला ‘डिस्कस अबाउट’ खोडला. पण ‘डिस्कशन अबाउट’ तर चालतं! आणि भारतात सगळेच असं लिहितात, मग ते चूक कसं? — सॉफ्टवेअर अभियंता, हिंजवडी

उत्तर तुमच्याच पत्रात आहे. ‘डिस्कशन’ हे नाम आहे. इंग्रजीत नामाला आपल्या विषयाशी जोडायला मध्ये एक शब्द लागतो : ‘अ डिस्कशन अबाउट द बजेट’. ‘डिस्कस’ हे सकर्मक क्रियापद आहे, ते कर्माला थेट धरतं : ‘वी डिस्कस्ड द बजेट’. अशा जोड्या ओळीने मांडल्या की नियम डोळ्यांसमोर उभा राहतो. ‘अ रिक्वेस्ट फॉर लीव्ह’, पण ‘आय रिक्वेस्टेड लीव्ह’. ‘ॲन ऑर्डर फॉर टेन चेअर्स’, पण ‘वी ऑर्डर्ड टेन चेअर्स’. ‘एम्फसिस ऑन क्वालिटी’, पण ‘ही एम्फसाइझ्ड क्वालिटी’. ‘डिमांड’चंही असंच, ‘ॲन्सर’चंही असंच.

मग आपल्याकडून नेमका तो मधला शब्द का घुसतो? कारण मराठीत या सगळ्या ठिकाणी आपण नाम घेतो आणि त्याला ‘करणे’ जोडतो. चर्चा करणे, विनंती करणे, मागणी करणे, प्रवेश करणे, लग्न करणे. चर्चा विषया‘वर’ होते, मागणी कशा‘ची’ तरी असते, प्रवेश खोली‘त’ होतो, लग्न कोणा‘शी’ तरी होतं. मनात नाम असतं, तोंडातून इंग्रजी क्रियापद बाहेर पडतं आणि नामाचा जोडशब्द त्याच्याबरोबर येतो. ‘एंटर्ड इंटू द रूम’, ‘मॅरीड विथ हर’ ही त्याच घरची भावंडं. बरोबर वाक्यं ‘एंटर्ड द रूम’ आणि ‘मॅरीड हर’. करारात शिरायचं असेल तेव्हा मात्र ‘एंटर इंटू ॲन ॲग्रीमेंट’ हेच योग्य, हे लक्षात ठेवा. तुमच्या कामात ते वारंवार येईल.

‘रीच्ड टू पुणे’ची गोष्ट जरा निराळी. तिथे आपला ‘ला’ आड येतो : पुण्याला पोचलो. इंग्रजीत ‘रीच’ला पुणे हे थेट कर्म आहे, म्हणून ‘रीच्ड पुणे’. त्याच अर्थाचं ‘अराइव्ह’ अकर्मक आहे, त्याला ‘इन पुणे’ लागतं. दोघांचा अर्थ जवळजवळ एक आणि रीत उलटी. म्हणूनच मी म्हणते, अर्थावरून सकर्मक-अकर्मक ठरवायला जाऊ नका.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. ‘डिस्कस अबाउट’ केवळ भारतात नाही, सिंगापूर आणि नायजेरियाच्या इंग्रजीतही ऐकू येतं. बोलताना कोणी तसं म्हटलं तर मी त्याला अडवणार नाही. भाषा माणसांच्या तोंडी बदलतेच. पण लिखित, औपचारिक इंग्रजीत आज तरी ते मान्य झालेलं नाही, आणि तुमचा ईमेल कोणत्या देशात कोण वाचेल हे तुमच्या हातात नसतं. लिहिताना तो ‘अबाउट’ काढा. तुमच्या वरिष्ठांनी योग्यच केलं.

मी मूळची लातूरची, सध्या डब्लिनमध्ये परिचारिका आहे. माझ्या नोंदीत ‘द पेशंट वॉज एक्स्पायर्ड’ असं होतं. इथल्या सिस्टरने ते बदलून ‘द पेशंट डाइड’ केलं. ‘वॉज’ का नको, हे मला कोणीच समजावून सांगितलेलं नाही. — परिचारिका, डब्लिन

ताई, हा प्रश्न विचारलात ते फार बरं केलंत. हे वाक्य आपल्याकडच्या कितीतरी नोंदींत असतं.

इंग्रजीत ‘वॉज’ अधिक भूतकाळी धातुसाधित, अशी रचना झाली की ती साधारणपणे पॅसिव्ह होते. पॅसिव्हमध्ये मुळातलं कर्म उचलून कर्त्याच्या जागी आणतात. ‘द डॉक्टर ॲडमिटेड द पेशंट’ यात पेशंट हे कर्म आहे, म्हणून ‘द पेशंट वॉज ॲडमिटेड’ होऊ शकतं. पण मरण्याला कर्म नाही. ‘डाय’, ‘एक्स्पायर’, ‘हॅपन’, ‘ऑकर’, ‘अराइव्ह’ या क्रियापदांपुढे उचलून आणण्याजोगं काही नसतंच. म्हणून ‘वॉज डाइड’ होत नाही, आणि ‘द ॲक्सिडेंट वॉज हॅपन्ड’ही होत नाही.

ही चूक दोन वाटांनी येते असं मला दिसतं. पहिली वाट मराठीची. आपण म्हणतो, ‘रुग्ण वारला होता’, ‘अपघात झाला होता’. या ‘होता’चं भाषांतर हात सवयीने ‘वॉज’ करतो. पण इथला ‘होता’ हा पूर्ण भूतकाळाचा आहे, त्याची जागा इंग्रजीत ‘हॅड’ घेतं : ‘द पेशंट हॅड डाइड’, ‘द ॲक्सिडेंट हॅड हॅपन्ड’. दुसरी वाट तुमच्या कामाची. नोंदीत एकामागून एक काय येतं ते पाहा : ‘वॉज ॲडमिटेड’, ‘वॉज सीडेटेड’, ‘वॉज इंट्युबेटेड’, ‘वॉज ट्रान्स्फर्ड’. ही सगळी सकर्मक, सगळी रुग्णावर दुसऱ्या कोणीतरी केलेली कामं, सगळी बरोबर. त्या रांगेतून लिहीत आलेला हात शेवटच्या शब्दालाही ‘वॉज’ लावतो.

तेव्हा लिहिताना स्वतःला एवढंच विचारा : हे रुग्णाला कोणी केलं, की रुग्णाचं आपोआप झालं? कोणी केलं असेल तर ‘वॉज’. आपोआप झालं असेल तर ‘वॉज’ नको : ‘द पेशंट व्हॉमिटेड’, ‘द पेशंट कोलॅप्स्ड’, ‘द पेशंट डिटेरिओरेटेड ओव्हरनाइट’. ‘प्रोनाउन्स्ड डेड’ला मात्र ‘वॉज’ हवंच, कारण ते डॉक्टरांनी जाहीर करायचं असतं.

आणि एक. माणसाच्या बाबतीत ‘एक्स्पायर’ हा शब्द आपल्याकडे अदबीचा मानतात. तिथल्या कानांना तो परवान्याचा किंवा औषधाच्या मुदतीचा वाटतो. नोंदीत ‘डाइड’ लिहायला संकोच करू नका, त्यात अनादर नाही. नातेवाइकांशी बोलताना ‘पास्ड अवे’ म्हणता येईल.

बाई, मी स्पर्धा परीक्षेची तयारी करते. एका मार्गदर्शकात ‘रन’ अकर्मक, ‘ईट’ सकर्मक अशी यादी दिली आहे. पण ‘शी रन्स अ मेस’ आणि ‘वी हॅव ऑलरेडी ईटन’ ही वाक्यंही वाचली. ‘ओपन’ तर दोन्हीकडे दिसतं. यादी पाठ करू की सोडून देऊ? — परभणी

सोडून दे. सकर्मक किंवा अकर्मक हा शब्दाचा जन्मभराचा शिक्का नाही, त्या वाक्यातलं त्याचं काम आहे. परीक्षेतही प्रश्न वाक्याबद्दलच असतो असं धरून चाल.

हे आपल्या परंपरेला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी संस्कृत व्याकरणकार भर्तृहरीने ‘वाक्यपदीय’ या आपल्या ग्रंथात सकर्मक धातू अकर्मक कसा होतो याची चार कारणं सांगितली. धातू वेगळ्या अर्थाने वापरला जातो. कर्म धातूच्या अर्थातच सामावलेलं असतं. कर्म इतकं प्रसिद्ध असतं की बोलावं लागत नाही. किंवा बोलणाऱ्याला कर्म सांगायचंच नसतं. पहिल्या कारणाचं परंपरेतलं उदाहरण मराठीतही जसंच्या तसं चालतं : बैल ओझं वाहतो, पण नदी वाहते.

आता ही चार कारणं तुझ्या इंग्रजी वाक्यांना लाव. ‘शी रन्स’ आणि ‘शी रन्स अ मेस’ यांत अर्थच बदलला. दुसऱ्यात ‘चालवते’ असा अर्थ आहे. ‘डाइन’मध्ये जेवण आधीच आहे, म्हणून पुढे ‘राइस’ ठेवता येत नाही. ‘ही ड्रिंक्स’ म्हटलं की दारू, हे सगळ्यांना ठाऊक असतं. मराठीत ‘तो पितो’ म्हटल्यावर कोणी ‘काय?’ असं विचारत नाही. आणि ‘वी हॅव ऑलरेडी ईटन’मध्ये काय खाल्लं ते सांगायचंच नाही, जेवण झालं एवढंच सांगायचं आहे. तरी लक्षात ठेव, ही सवलत प्रत्येक क्रियापदाला नाही. ‘डिव्हावर’ म्हणजे अधाशीपणाने खाणं. त्याला कर्म गाळून चालत नाही.

‘ओपन’चा प्रकार मला सर्वांत आवडतो. मराठी अशा ठिकाणी सहसा दोन क्रियापदं ठेवते. काच फुटते, आपण ती फोडतो. कागद फाटतो, आपण फाडतो. दोरी तुटते, आपण तोडतो. भात शिजतो, आपण शिजवतो. इंग्रजी दोन्हीकडे तेच क्रियापद चालवतं : ‘द ग्लास ब्रोक’, ‘ही ब्रोक द ग्लास’, ‘द राइस इज कुकिंग’, ‘शी इज कुकिंग राइस’. ‘बॉइल’, ‘बर्न’, ‘मेल्ट’, ‘ओपन’ सगळी अशीच. आपल्याकडेही ‘उघडणे’ दोन्ही कामं करतं : दार उघडलं, तिने दार उघडलं. पण आपल्यात तो अपवाद, त्यांच्यात तीच मोठी चाल.

कधीकाळी इंग्रजीतही दोन-दोन क्रियापदं होती, आणि काही उरली आहेत. ‘सिट’ म्हणजे बसणं, ‘सेट’ म्हणजे ठेवणं, मुळात बसवणं. ‘राइज’ म्हणजे वर जाणं, ‘रेज’ म्हणजे वर उचलणं. ‘फॉल’ म्हणजे पडणं, ‘फेल’ म्हणजे झाड पाडणं. ‘लाय’ म्हणजे आडवं पडून असणं, ‘ले’ म्हणजे ठेवणं. स्वर बदलला की अकर्मकाचं सकर्मक. आता मराठी बघ : पडणे–पाडणे, मरणे–मारणे, चरणे–चारणे, गळणे–गाळणे. हे साम्य योगायोगाचं नाही. संस्कृतात ‘सद्’ धातूचं ‘सीदति’ म्हणजे बसतो आणि ‘सादयति’ म्हणजे बसवतो. ‘सिट’ आणि ‘सेट’ त्याच प्राचीन धातूपासून आणि त्याच प्रयोजकाच्या रीतीने आलेले आहेत. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एका मुळातून आल्या असाव्यात असं भाषाभ्यासक विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यात मांडलं. जर्मानिक भाषांबद्दलही, म्हणजे इंग्रजी ज्या कुळातली आहे त्याबद्दलही, त्यांनी तोच अंदाज केला होता. त्या नात्याचा एक पुरावा तुझ्या अभ्यासाच्या वहीतच आहे. इंग्रजी परकी वाटते तेव्हा हे आठवत जा, मला तरी यातून फार बळ मिळतं.

परीक्षेसाठी एक धोक्याची जागा सांगते. ‘लाय’चा भूतकाळ ‘ले’ असा होतो आणि ‘ले’ हे सकर्मक क्रियापदही आहे. ‘ही ले ऑन द कॉट’ म्हणजे तो खाटेवर पडला होता. ‘ही लेड द बुक ऑन द कॉट’ म्हणजे त्याने पुस्तक ठेवलं. आणखी एक : ‘शी बिकेम अ डॉक्टर’ यातला डॉक्टर कर्म नाही, पूरक आहे, ती आणि डॉक्टर ही एकच व्यक्ती. पॅसिव्ह होतं का ते पाहण्याची कसोटी इथे उपयोगी पडते. पण ती कसोटीही संपूर्ण नाही. ‘शी रिझेम्बल्स हर मदर’मध्ये कर्म आहे, तरी त्याचं पॅसिव्ह करत नाहीत.

‘प्लीज एक्स्प्लेन मी’ चूक, पण ‘प्लीज टेल मी’ बरोबर. मी बँकेत आयुष्यभर इंग्रजी पत्रव्यवहार केला, तरी हा फरक कसा ओळखावा हे उमगलं नाही. — निवृत्त बँक अधिकारी, रत्नागिरी

मराठीत ‘मला सांगा’ आणि ‘मला समजावून सांगा’ या दोन्हींत तोच ‘ला’, म्हणून आपल्याला दोन्ही सारखेच वाटतात. इंग्रजीत ‘टेल’, ‘गिव्ह’, ‘सेंड’, ‘शो’, ‘लेंड’ ही द्विकर्मक आहेत; माणूस आणि वस्तू दोन्ही त्यांच्यापुढे थेट बसतात. ही बहुतेक जुनी, एका सिलॅबलची म्हणजे एकाच स्वराची, अस्सल इंग्रजी क्रियापदं. लॅटिन-फ्रेंचमधून आलेली लांब क्रियापदं, म्हणजे ‘एक्स्प्लेन’, ‘डिस्क्राइब’, ‘सजेस्ट’, ‘डोनेट’, ‘इंट्रोड्यूस’, वस्तूला थेट घेतात आणि माणसाला ‘टू’ लावून : ‘एक्स्प्लेन द रूल टू मी’. हा कल आहे, कायदा नाही. ‘प्रॉमिस’ बाहेरून आलेलं असून ‘प्रॉमिस मी’ चालतं. ‘से’ घरचं असून ‘से मी’ चालत नाही.

याची खात्री कोशातच करावी लागते. जपानमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या ए. एस. हॉर्नबी यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर खास शिकणाऱ्यांसाठी कोश तयार केला. तो १९४२ साली तोक्योत निघाला आणि १९४८ साली ऑक्सफर्डने छापला. जपानीतही मराठीसारखं क्रियापद शेवटी येतं आणि कर्म सहज गाळता येतं, त्यामुळे प्रत्येक क्रियापदाच्या पुढे काय बसतं हे तिथल्या विद्यार्थ्यांना सांगावं लागे. या कोशाने ते सांगितलं. आजच्या कोणत्याही चांगल्या विद्यार्थी-कोशात क्रियापदाजवळ ‘टी’ (ट्रान्झिटिव्ह, म्हणजे सकर्मक) किंवा ‘आय’ (इन्ट्रान्झिटिव्ह, म्हणजे अकर्मक) अशी अक्षरं, नाहीतर पूर्ण शब्द दिलेले असतात, आणि खाली नमुन्याची वाक्यं. अर्थ पाहून कोश मिटू नका, ती वाक्यं वाचा. वहीत नवं क्रियापद उतरवताना ते एकटं लिहू नका : ‘डिस्कस समथिंग’, ‘लिसन टू समबडी’, ‘एक्स्प्लेन समथिंग टू समबडी’, असं पुढच्या जागेसकट लिहा.